अकरा ओल्या पट्ट्या

१

मंगळवारी सकाळी डॉ. ऐश्वर्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "संगिता सिस्टर, कोरड्या विहिरीला एका रात्रीत पाणी लागतं का?"

मी म्हटलं, "झरा फुटला तर लागतं, मॅडम."

"अकरा विहिरींना? एकाच दिवशी?"

मला काही कळेना. मी चष्मा पुसला आणि आकडे वाचले. पुन्हा पुसला, पुन्हा वाचले.

औंढ्याला नागनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचं लहानसं डोळ्यांचं रुग्णालय आहे. मळणीयंत्राची धूळ आणि चुलीचा धूर खाणाऱ्या बायांचे डोळे कोरडे का पडतात, यावर मॅडम दोन वर्षं संशोधन करताहेत. तपासणी साधी असते. आगकाडीपेक्षा थोडी आखूड अशी टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, डोळे मिटून पाच मिनिटं बसवायचं आणि पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं. पंधराच्या वर भिजली तर डोळा चांगला. पाचाच्या आत राहिली तर फारच कोरडा.

गोरेगावकडच्या बारा बाया या कामात होत्या. अकरा जणी तांड्यावरच्या, बारावी गावातली कमलबाई. दसऱ्याआधी तपासलं तेव्हा बाराही जणी पाचाच्या आत होत्या. त्यांना सहा आठवडे नवीन थेंब दिले आणि काल, सोमवारी, दुसऱ्यांदा पट्ट्या लावल्या. तर कुणाची एकतीस, कुणाची एकोणतीस, कुणाची बावीस! कमलबाईची मात्र जुनीच, तीन.

"औषध लागू पडलं असेल," मी हळूच म्हटलं.

"हे औषध डोळ्यातलं पाणी उडू देत नाही, सिस्टर. नवं पाणी तयार करत नाही. आणि केलंच, तर कमलबाईंनी काय पाप केलं?" त्यांनी खणातून सलाइनची बाटली काढून टेबलावर ठेवली. सील तुटलेलं, पाणी निम्म्याच्या खाली. "ही काल प्रमोदच्या टेबलावर सापडली. पट्ट्या त्यानंच लावल्या, त्यानंच मोजल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं."

प्रमोद आमचा तंत्रज्ञ. चार वर्षं माझ्यासोबत काम करतो.

"शुक्रवारी चार वाजेपर्यंत मला संशोधनावर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या समितीला कळवावं लागेल," मॅडमचा आवाज बसला होता. "आकडे बनावट असतील तर कुणी बनवले तेही लिहावं लागतं. एकदा ते नाव गेलं, की कुठलंच डोळ्यांचं रुग्णालय त्याला दारात उभं करणार नाही. तोवर मी त्याला घरी थांबायला सांगितलंय. तुम्ही काल इथंच होता ना? काही पाहिलंत, ऐकलंत?"

होते मी. पण माझं सोमवारी दुपारी बारापर्यंत मौन असतं. अकरा वर्षांचं व्रत आहे. सोमवारी मी पाटीवर खडूनं लिहून रुग्णांना सांगते, आणि मला दिसतं-ऐकू येतं त्याबद्दल कुणाला विचारत नाही.

काल काय ऐकलं होतं? मागच्या अंगणात बाया काहीतरी गात होत्या, एवढंच आठवलं. सोमवार, नागनाथाचं गाव. बाया भजन म्हणणारच. ते काय सांगायचं?

"काही नाही, मॅडम," मी म्हटलं.

२

प्रमोद घरी गेला नव्हता. रुग्णालयाच्या पायरीवर बसून तो स्वतःचा ॲप्रन घडी घालत होता, मोडत होता, परत घालत होता.

"सिस्टर, आता तरी डोळे तपासून घ्या," मला बघून तो कसंनुसं हसला. "रोज दिव्याच्या धुरात वाती करता, डोळे कोरडे ठक्क झालेत तुमचे. चार वर्षं सांगून राहिलो. आता मी गेल्यावर कोन लावीन पट्टी?"

"तू कुठं चाललास?"

"मॅडमनं ठरवलं तर चाललोच." ॲप्रन मांडीवर ठेवून तो माझ्याकडे वळला. "माझ्या हातानं एक मिलिमीटर इकडचा तिकडं झाला न्हाई. तुमी नागनाथाची शपथ घ्या म्हणाल, माझी श्रद्धा वेगळी हाय. पन खोटं दोघांच्याबी घरात खोटंच असतंय."

मी त्याच्या शेजारी बसले. सोमवारी काय काय केलंस ते सगळं सांग म्हटलं, काही गाळू नकोस.

त्यानं सांगितलं ते असं. जीप साडेनवाच्या आत आली. बाया मागच्या अंगणात लिंबाखाली उतरल्या. पट्टीच्या वेळी वाऱ्यानं डोळा सुकू नये म्हणून तो खोलीची सगळी तावदानं लावतो, पंखा बंद करतो. बाहेर ढोल वाजला तरी आत ऐकू येत नाही. नऊ चाळीसला त्यानं पहिलीला आत घेतलं. पापणीची कड कापसानं टिपली, पट्टी लावली, मोजली, कुपीत घातली, कुपीवर नाव आणि वेळ लिहिली.

"वेळही लिहितोस?"

"नियमात न्हाई. आपली सवय."

"त्यांच्या डोळ्यात काही वेगळं दिसलं?"

"लाल होते. पन सोयाबीनच्या धुळीतून आलेल्या बाईचे डोळे पांढरे कधी पायले का तुमी?"

"आणि बाटली?"

"ती माझी न्हाई, सिस्टर. शेवटच्या बाईला सोडून बाहेर आलो, हात धुऊन परत गेलो, तर टेबलावर होती. अर्धी. मला वाटलं तुमीच ठेवली."

"मी नाही ठेवली."

"मग?"

त्यानं औषधांच्या खिडकीकडे पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली. "नाव घेनार न्हाई मी कोनाचं. माझं कोनी घेतलं तर कसं वाटतंय, ते सकाळपासून पाहून राहिलो."

३

औषधांच्या खिडकीत विश्वंभर बसतो. पन्नाशीचा, गोल, जिभेला हाड नसलेला माणूस.

"या या, मौनीबाबा! आज बोलायचा वार का?"

"विश्वंभरभाऊ, सोमवारी सलाइनची बाटली तुम्ही काढली होती?"

"मी? मी कशाला काढू? मला काय डोळे धुऊन काजळ घालायचंय?" तो मोठ्यानं हसला. जरा जास्तच मोठ्यानं.

माझा गोंधळ आणखी वाढला. बायांच्या थेंबाच्या बाटल्या हाच माणूस देतो. यानंच औषध बदललं असेल तर? पण कमलबाईलाही त्याच खोक्यातली बाटली गेली होती. बायांनी घरून निघताना डोळ्यात पाणी मारलं असेल? तांडा ते औंढा दोन-अडीच तासांची वाट, पाणी कधीच सुकलं असतं. आणि मॅडम? चांगले आकडे आले तर दोन वर्षांच्या कामाचं चीज त्यांचंच व्हायचं होतं. हा विचार मनात आला आणि मी पटकन नागनाथाचं नाव घेतलं. आकडे चांगले आले म्हणून जी बाई काळजीत पडते, तिच्यावर संशय घ्यायचा म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

दुपारी मी मॅडमकडून ती बाटली मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. अकरा वर्षं दिवे घासलेत, डाग कशाचा ते माझ्या बोटाला कळतं. बाटलीच्या मानेवर एक पांढरा, वाळलेला ठसा होता. बोटाचा. मी नखानं खरवडला.

चुना होता. प्रमोद चुना-तंबाखूला शिवत नाही; सकाळचं विश्वंभरचं ते जास्तीचं हसू मला आठवलं.

बाटली घेऊन मी परत खिडकीशी गेले. काही बोलले नाही, फक्त ती फळीवर ठेवली, ठसा त्याच्याकडे करून.

"सिस्टर," तो आवाज उतरवून म्हणाला, "तुमी बोलत न्हाई तवाच लई भ्या वाटतंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. सोमवारी दर्शनाला आलेल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात तंबाखूच्या डबीतला चुना उडाला. मॅडम शस्त्रक्रियेत, प्रमोद बंद खोलीत, मी दुसऱ्या टोकाला. म्हातारा तडफडत होता. विश्वंभरनं बाटली फोडून त्याचा डोळा धुतला आणि प्रमोद हात धुवायला बाहेर पडल्यावर घाईत बाटली त्याच्या टेबलावर ठेवून दिली. रुग्णाच्या डोळ्याला हात लावायची त्याला परवानगी नाही. नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला.

"अहो, तुम्ही त्याचा डोळा वाचवलात!"

"अन् प्रमोदचा घात केला." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "चला, मॅडमकडं जाऊ. काय व्हायचं ते होवो."

मॅडम त्याला रागावल्या नाहीत. उलट बसायला खुर्ची दिली. पण तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाटलीचं कळलं, सिस्टर. बायांनाही मी फोन करून विचारलं, कुणी डोळ्यात काही घातलं नाही म्हणतात. पण पट्ट्या ओल्या होत्याच ना? ते पाणी कुठलं?"

खरंच, कुठलं होतं? बाटलीचं कोडं सुटलं, पण पाण्याची गाठ जास्तच आवळली.

४

बुधवारी पहाटे आंघोळ करून मी नेहमीप्रमाणे एकशे आठ वाती करायला बसले. वाती झाल्या की मी त्या लहानमोठ्या लावून ठेवते, लांब आधी, आखूड नंतर. हात ते आपोआप करतात. त्या दिवशी हात थांबले.

रजिस्टरमध्ये बायांची नावं त्यांच्या क्रमांकानं लिहिलेली होती. आकडे वरखाली, कसलाच मेळ नव्हता. पण प्रमोदनं कुप्यांवर वेळ लिहिली होती. पट्ट्या वेळेप्रमाणे लावल्या तर?

रुग्णालयात जाऊन शीतपेटीतल्या कुप्यांवरच्या वेळा मी कागदावर उतरवल्या आणि प्रत्येकीसमोर आकडा मांडला. नऊ चाळीसला एकतीस. मग एकोणतीस, सव्वीस, बावीस, एकोणीस. पंधरा. बारा. दहा, आठ, सात. शेवटची सव्वाअकराला, सहा.

नळ बंद केल्यावर धार बारीक होत जावी, तसं.

पट्ट्या बुडवणारा माणूस सगळ्या सारख्याच बुडवेल, नाहीतर मन मानेल तशा. घड्याळ बघून थोड्या थोड्या कमी कशाला बुडवेल? म्हणजे पाणी खोलीत आलं नव्हतं, बाया ते बाहेरूनच घेऊन आल्या होत्या. नऊ चाळीसच्या आधी काहीतरी घडलं होतं, आणि त्याचा जोर नंतर ओसरत गेला होता. पण या उतरत्या रांगेत दहा वाजून पाच मिनिटांनी कमलबाई बसली होती, तीन आकडा घेऊन. तिच्या आधी सव्वीस, तिच्या नंतर बावीस.

जे अकरा जणींना झालं ते तिला झालं नव्हतं. मी पर्स उचलली आणि हिंगोलीची जीप धरली. तिथून गोरेगावची.

कमलबाई दारात तूर पाखडत होती. मला बघून म्हणाली, "जय भीम, सिस्टर. काहून आल्या? माझी पट्टी पुन्ना नापास झाली व्हय?"

"कमलबाई, सोमवारी पट्टीच्या आधी तांड्यावरच्या बायांनी काय केलं? खरं सांगा, एका पोराची नोकरी आहे त्यात."

"प्रमोदची?" तिनं सूप खाली ठेवलं. "त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं, असं मला वाटतंय. तुम्ही तेव्हा कुठं होता?"

"मी हाटेलात च्या पिऊन राहिले होते. अन् त्या रडून राहिल्या होत्या."

मी उंबऱ्यावरच टेकले.

"रडत होत्या? कुणी मेलं होतं का?"

"ते चंदाबाईला इचारा. त्यायचं त्यायलाच माहीत. मी परक्याच्या रडण्यात काहून शिरू? म्हणून तर च्या प्यायला गेले."

५

चंदाबाई तांड्यावरची सगळ्यात थोरली. अंगावर अजून आरशांची ओढणी घेते. ती बघताच मला सोमवार आठवला. तपासणीनंतर ती माझ्यासमोरून गेली, तेव्हा ओढणी उजव्या खांद्यावर ओली होती. जीपमध्ये पाण्याची बाटली सांडली असेल, असं मला वाटलं होतं.

"सोमवारी तुम्हाला कोण भेटलं, चंदाबाई?"

तिनं ओढणी सावरली. मग म्हणाली, "गोजर."

गोजरबाई या तांड्याची लेक, पुसेगावकडे दिलेली. भर पावसाळ्यात तिचा भाऊ वारला. ओढ्याला पूर होता, तिला मातीला पोचता आलं नाही. मग सासू पडली, अंथरुणाला खिळली, म्हणून दिवाळीलाही माहेरी येणं झालं नाही. सोमवारी ती त्याच सासूला मोतीबिंदूसाठी घेऊन आमच्या दवाखान्यात आली होती. आमच्या अभ्यासातली ती नव्हती, त्यामुळे आमच्या कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं. लिंबाखाली तिला तिच्या भावजया दिसल्या, काक्या दिसल्या, लहानपणच्या मैत्रिणी दिसल्या.

"आमच्यात लेक लई दिसानं भेटली की गळ्यात पडून रडावं लागतंय," चंदाबाई म्हणाली. "सुरात. ढावलो म्हणतात. ज्याचं दुःख त्याचं नाव घेऊन गायाचं. एकीनं सुरू केलं की सगळ्या. तिच्या भावाचं नाव घेतलं न् मंग कोन थांबतंय?"

म्हणजे मी ऐकलं ते भजन नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या मौनाचा राग आला. पाटीवर दोन शब्द लिहून विचारलं असतं, कोण गातंय, तर प्रमोद पायरीवर बसला नसता.

"पण मंगळवारी मॅडमनी फोन केला, तेव्हा का नाही सांगितलं?"

"मॅडमनं इचारलं, थेंब टाकले का, पानी मारलं का, काजळ घातलं का. न्हाई म्हणाले. खरंच न्हाई. रडणं कोनी दवाखान्यात सांगतंय व्हय, बाई? ते काय औषध हाय?"

गुरुवारी अकराही जणी पुन्हा आल्या, आणि कमलबाईही. कुणी आग्रह केला नाही. प्रमोदचं कळल्यावर चंदाबाईनंच जीप सांगितली. या वेळी पट्ट्या मॅडमनी स्वतः लावल्या. प्रमोद अंगणात लिंबाखाली उभा होता, विश्वंभर त्याच्याजवळ, आणि मी दाराशी वेळ लिहीत.

तीन. चार. चार. पाच. तीन. अकरा जणींत एकही सहाच्या वर गेली नाही. कमलबाई बाहेर येऊन म्हणाली, "आज समद्या माझ्या रांगेत आल्या. मी म्हणलंच व्हतं, एकटी नापास काहून!"

मॅडम कागद घेऊन माझ्याकडे आल्या. प्रमोद सुटला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसरंही काहीतरी दिसत होतं.

"म्हणजे सोमवारचं पाणी गोजरबाईच्या भावाचं," त्या म्हणाल्या. "आणि औषध? त्याचं काय, सिस्टर? लागू पडलं, की नाहीच पडलं?"

मला ते कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

शुक्रवारी चारच्या आत पत्र गेलं. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. सोमवारच्या पट्ट्या खऱ्या आहेत, चूक आमच्या प्रश्नांची आहे, असं मॅडमनी स्वतःच्या सहीनं लिहिलं. यापुढे तपासणीआधी एक नवा प्रश्न विचारायचा ठरला. मॅडमनी लिहिलं होतं, 'गेल्या दोन तासांत रडलात का?' चंदाबाईनं गुरुवारी निघण्याआधी तो ऐकला होता आणि नकारार्थी मान हलवली होती.

"असं इचारलं तर कोनी सांगनार न्हाई. 'आज कोन भेटलं' इचारा. मंग समदं सांगतील."

मॅडमनी पहिला प्रश्न खोडला.

सोमवारी सकाळी मी प्रदक्षिणा करून रुग्णालयात आले, तर तपासणीच्या खोलीचं दार उघडं होतं. तावदानं लावलेली, पंखा बंद. प्रमोद धुतलेल्या ॲप्रनात टेबलाशी उभा होता. त्यानं स्टूल पुढे ओढलं.

"बसा, सिस्टर. आज सुटका न्हाई. बोलायचं थोडंच हाय, नुसतं डोळे मिटायचे."

मी पाटी मांडीवर घेऊन बसले. त्यानं नवा कागद समोर धरला आणि गंभीर आवाजात वाचायला लागला. थेंब टाकले का? मी मान हलवली. काजळ? हलवली.

"आज कोन भेटलं का?"

मी खडू उचलला. 'तू' एवढंच लिहायचं होतं, पण लिहिता येईना. पाटी मला अंधूक दिसायला लागली होती.

प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीचं पाकीट न फोडताच परत डब्यात ठेवलं.

"आज नको, सिस्टर," तो म्हणाला. "आज तुमचा आकडा खोटा येईन."